विश्लेषण : हिवाळ्यात गजबजणारं माळरान कागदावर ‘पडीक’ का?

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुटी काढून आजोळी गेलो होतो. इंदापूर तालुक्याच्या कोरडवाहू पट्ट्यातलं गाव. गावाच्या पश्चिमेला गायरान आहे आणि त्याला लागून वन विभागाचं माळरान. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मामांबरोबर बांधावर उभा होतो. सूर्य कलला, तसा एक सडपातळ शिकारी पक्षी गवताच्या शेंड्यांना जवळजवळ घासत तरंगत आला. मग दुसरा, तिसरा. थोड्या घिरट्या घालून एकेक जण गवतात उतरायला लागला. अंधार पडेपर्यंत मी १७ मोजले. आसपास बाभळी होत्या, पण एकही पक्षी झाडावर बसला नाही. सगळे जमिनीवर, गवतात मुक्कामाला.

“मामा, हे दरवर्षी येतात?” मी विचारलं.

“दिवाळी झाली की येत्यात, शिमग्याला जात्यात. तुझ्या आजोबांच्या वेळेपासनं बघतोय. नाव काय, ते मातर कुणाला ठावं नाही.”

नाव आहे. इंग्रजीत हॅरियर, मराठीत भोवत्या. आणि ते जिथे उतरले त्या गायरानाचा काही भाग सौरऊर्जा प्रकल्पाला द्यायचा की नाही, हा विषय येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आहे. गावात त्यावर फारशी चर्चा नाही, कारण सगळ्यांच्या मते ती जमीन पडीकच आहे.

मला हा शब्द खटकतो. तो का खटकतो आणि एका शब्दाने एवढं काय बिघडतं, हे समजून घेऊ.

माळरान म्हणजे नेमकं काय?

सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेचा प्रदेश सुरू होतो. इंदापूर, बारामती, दौंड, कर्जत, करमाळा हे तालुके त्यातले. वर्षाला साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खाली मुरूम, त्यावर मातीचा पातळ थर. अशा जमिनीवर दाट जंगल वाढत नाही, गवत वाढतं. मारवेल, पवन्या, शेडा, कुसळी. मध्ये मध्ये एखादी बोर, हिवर, बाभूळ, कुठे तरवडाची झुडपं. पावसाळ्यात हिरवं, दिवाळीनंतर सोनेरी आणि उन्हाळ्यात जवळजवळ उघडं. हे माळरान.

‘इथे पूर्वी जंगल होतं, लोकांनी तोडलं म्हणून माळ झाला,’ असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. माझाही होता. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या मराठी साहित्यात, ओव्यांत आणि लोककथांत आलेल्या रानझाडांच्या नोंदी तपासल्या. त्यांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना सापडलेल्या ४४ वनस्पतींपैकी २७ मोकळ्या माळरानात वाढणाऱ्या निघाल्या. म्हणजे तेराव्या शतकापासूनच्या मराठी शब्दांत दिसतो तो प्रदेशही मोकळा, काटेरी, गवताळच आहे. माळरान हे उजाड झालेलं जंगल नव्हे. ती मुळातलीच परिसंस्था आहे.

हिवाळ्यात इथे कोण कोण येतं?

ऑक्टोबरमध्ये पहिला येतो धोबी. शेपटी वरखाली करत घराच्या अंगणात, पाणी दिलेल्या वाफ्यात फिरणारा छोटा पक्षी. त्याच्या मागोमाग बोराटीच्या शेंड्यावर गप्पीदास, दगडावर रणगोजा, विहिरीच्या कठड्यावर थिरथिरा. मग विजेच्या तारेवर किंवा हवेत एका जागी थांबून पंख फडफडवणारी खरूची. आणि संध्याकाळच्या उन्हात भोवत्ये.

या माळांवर येणाऱ्या भोवत्यांमध्ये प्रामुख्याने दोन प्रकार दिसतात. पॅलिड हॅरियर आणि माँटेग्यू हॅरियर. पॅलिडचा नर फिकट राखाडी-पांढरा, पंखांची टोकं तेवढी काळी. माद्या तपकिरी, शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा. हे पक्षी कझाकस्तान आणि रशियाच्या गवताळ मैदानात घरटी करतात आणि हिवाळा काढायला आपल्याकडे येतात. उपग्रहाचे टॅग लावून त्यांचा हा प्रवास नोंदवला गेला आहे. त्यांच्या दृष्टीने हा एका गवतातून दुसऱ्या गवतात केलेला मुक्काम असतो. मधल्या प्रवासात कितीही शहरं लागली, तरी उतरायला त्यांना गवतच लागतं. दिवसभर ते एकेकटे शिकार करतात आणि रात्री एकत्र जमिनीवर मुक्काम करतात. गुजरातचं वेळावदर अशा मोठ्या मुक्कामांसाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडचे मुक्काम छोटे आणि विखुरलेले आहेत. म्हणूनच ते कुणाच्या लक्षात येत नाहीत.

शेतकऱ्याला सगळ्यात जास्त ओळखीची पाहुणी म्हणजे भोरडी. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही मैना हजारोंच्या थव्याने ज्वारीवर उतरते. हुरड्याच्या दिवसांत माचावर उभं राहून गोफणीने भोरड्या हाकलल्याच्या आठवणी घरोघरी आहेत. पण ज्वारीवर ताव मारणारी हीच भोरडी नाकतोडे आणि टोळही मोठ्या प्रमाणात खाते. भोवत्येही नाकतोडे, उंदीर आणि लहान पक्षी खातात. पिकाच्या नुकसानीचा हिशेब करताना खात्याची ही दुसरी बाजू आपण कधी मांडत नाही.

फक्त पक्षीच का?

नाही. भोवत्ये ज्या गवतात झोपतात, त्याच गवतात खोकड असतं, ससा असतो, चिंकारा असतो. बारामती तालुक्यातलं सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यासाठीच राखलेलं आहे. त्याचं क्षेत्र पाच चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एखाद्या मोठ्या गावाच्या शिवारापेक्षाही कमी. कर्जत तालुक्यातलं काळविटांचं रेहेकुरी त्याहून लहान. अर्थात चिंकारा, काळवीट किंवा लांडगा अभयारण्याची हद्द बघून चालत नाहीत. त्यांचं बरंचसं आयुष्य बाहेरच्या गायरानांत आणि पडांत जातं.

लांडग्याचं उदाहरण घ्या. २०२२ च्या गणनेनुसार भारतात सरासरी ३,६८२ वाघ आहेत. भारतीय लांडग्यांची अंदाजित संख्या ३ हजारांच्या आसपास सांगितली जाते. म्हणजे लांडगा वाघापेक्षा मुबलक नाही. कायद्याने दोघेही पहिल्या अनुसूचीत आहेत. पण वाघासाठी व्याघ्र प्रकल्प आहेत आणि लांडग्याच्या वाट्याला महसुलाच्या भाषेतली पडीक जमीन. आणि हिवाळा हाच लांडग्याच्या पिल्लांचा काळ. माळावरच्या ओघळीत, बांधाच्या कडेला बिळात पिल्लं असतात. त्या दिवसांत तिथे जेसीबी आला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

‘पडीक’ हा शब्द आला कुठून?

इंग्रजांच्या काळात जमिनीची मोजणी झाली ती महसुलासाठी. ज्या जमिनीतून शेतसारा मिळतो ती उपयोगाची, मिळत नाही ती वाया गेलेली, असा साधा हिशेब होता. त्या हिशेबाची भाषा आजही आपल्या कागदांत आहे. सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ म्हणजे लागवडीस अयोग्य क्षेत्र असा रकाना असतो. मेंढपाळाची मेंढरं तिथे चरतात, गावची जनावरं चरतात, गवताचे भारे निघतात. पण पीक नाही म्हणून ते खराब.

स्वातंत्र्यानंतर पद्धत आधुनिक झाली, दृष्टी तीच राहिली. केंद्र सरकारचा भूसंसाधन विभाग आणि राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र उपग्रह प्रतिमांवरून देशाचा ‘वेस्टलँड अ‍ॅटलस’ तयार करतात. २०१९ च्या आवृत्तीनुसार देशाच्या भूभागापैकी जवळपास १७ टक्के जमीन वेस्टलँड आहे. त्यात झुडपी माळांचे वर्गही येतात.

मी इंजिनीअरिंगचा विद्यार्थी होतो. उपग्रह प्रतिमांचं वर्गीकरण कसं होतं, हे थोडंफार माहीत आहे. संगणक प्रत्येक ठिपक्याचा रंग बघून त्याला आपण ठरवून दिलेल्या खान्यात टाकतो. एप्रिलमधलं माळरान वरून मोकळ्या जमिनीसारखं दिसतं. पण दोष संगणकाचा नाही. ‘माळरान’ असा खानाच आपण ठेवला नसेल, तर तो ठिपका जाणार कुठे? जो खाना उरतो, त्यात.

एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी देशाच्या निमकोरड्या भागातल्या अशा मोकळ्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा तयार केला. त्यांच्या नकाशानुसार हे क्षेत्र ३ लाख चौरस किलोमीटरहून जास्त भरतं, जवळजवळ अख्ख्या महाराष्ट्राएवढं. त्यातलं ५ टक्क्यांहूनही कमी क्षेत्र संरक्षित आहे. आणि त्याचा मोठा भाग सरकारी नोंदीत वेस्टलँड आहे.

पाण्याच्या बाबतीत आपण एवढे बेफिकीर नाही. नांदूर मधमेश्वरला जानेवारी २०२० मध्ये रामसर दर्जा मिळाला, महाराष्ट्रातला पहिला. आमच्याच तालुक्यात उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणला, रोहित पक्षी बघायला दर हिवाळ्यात पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. त्यातल्या बहुतेक गाड्या येता-जाता माळरानाच्या कडेने जातात. खिडकीतून कोणी बघत नाही, कारण बघण्यासारखं काही आहे, असं कोणी सांगितलेलंच नसतं.

एका शब्दाने काय बिघडतं?

पडीक म्हटलं की ती जमीन ‘कामाला लावायची’ असते. त्याचे प्रकार तीन.

पहिला प्रकार झाडं लावण्याचा. राज्यात २०१६ ते २०१९ या काळात मोठी वृक्षलागवड मोहीम झाली. शेवटच्या वर्षीचं लक्ष्य ३३ कोटींचं होतं. झाडं लावण्याला कोण विरोध करणार? पण रोपांना जागा हवी, आणि मोकळी जागा म्हणजे माळ. अनेक माळांवर चर आणि खड्डे खोदून गिरिपुष्पासारखी बाहेरची झाडं लावली गेली. त्यांची सावली पडली की गवत मरतं. चंडोल, धाविक यांसारखे जमिनीवर घरटी करणारे पक्षी जागा सोडतात. कार्बनचा मुद्दा मांडला जातो, तर गवताळ प्रदेशाचा बहुतांश कार्बन मुळांत आणि मातीत, म्हणजे जमिनीखाली असतो. खड्डा खणताना आपण तोच उकरतो.

दुसरा प्रकार प्रकल्पांचा. एमआयडीसी, प्लॉटिंग, फार्महाउस आणि आता सौरऊर्जा. इथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवायला हवी. सौर फोटोव्होल्टाइक प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास करावा लागत नाही. म्हणजे प्रकल्प येण्याआधी तिथे कोण राहतं, हे बघण्याची कायदेशीर जबाबदारी कुणावरच नाही.

तिसरा प्रकार दुर्लक्षाचा. पडीक जागेवर गावचा कचरा, मेलेली जनावरं, पोल्ट्रीचा माल टाकला जातो. त्यावर भटकी कुत्री वाढतात. ती खोकडांच्या आणि चिंकाऱ्याच्या पाडसांच्या मागे लागतात, लांडग्यांना रोग देतात. पुण्याजवळ लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालं आहे. शिवाय दरवर्षी कुणीतरी काडी टाकतं आणि वणव्यात एका रात्रीत भोवत्यांचा मुक्काम जळून जातो.

मग सौरऊर्जा नको का?

हवी. इथे मी मामांच्या बाजूने आहे. गेल्या आठवड्यात रात्री दोनला उठून ते गव्हाला पाणी द्यायला गेले. मी बरोबर होतो. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, हातात बॅटरी. “पायाखाली काय असंल सांगता येतंय का? दिवसा लाइट पायजेच,” ते म्हणाले. यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि असूही नये. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देशच शेतीला दिवसा वीज देण्याचा आहे. तो योग्य आहे. शहरात बसून, चोवीस तास वीज वापरत, गावाला ‘पक्ष्यांसाठी थांबा’ म्हणणं हा शहाजोगपणा झाला.

माझा आक्षेप जागा निवडण्याच्या पद्धतीवर आहे. उपकेंद्राजवळ सरकारी जमीन हवी, ती गायरानाच्या रूपाने मिळते, आणि कागदावर ती पडीक असते. एवढ्यावर निर्णय होतो. गावात दुसरी जागाही आहे. वरच्या अंगाला खडीची बंद पडलेली जुनी खाण आहे, सपाट आहे, गवताची काडी नाही. मी मामांना ती सुचवली. ते म्हणाले, तिथून लाइन ओढायला खर्च जास्त येईल. बरोबर आहे, येईल. पण तो खर्च किती आणि गायरान गेल्याची किंमत किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून कुणी पाहिलेले नाहीत. दुसरा आकडा शून्य धरला आहे. कारण पडीक.

आणि ही किंमत पक्ष्यांपुरतीच नाही. याच गायरानावर दिवाळीनंतर धनगरांचे वाडे उतरतात. मेंढरं रानात बसवली की शेताला खत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. गायरानाला कुंपण पडलं की हा व्यवहारही मोडतो. धनगराचं मत ग्रामसभेत येत नाही, कारण तो या गावचा मतदार नसतो. भोवत्याचं तर नाहीच नाही.

काय करता येईल?

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष गवताळ कुरणं आणि पशुपालक यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. भाषणं होतील, दिन साजरे होतील. मला तीन साध्या गोष्टी झालेल्या आवडतील.

एक, नोंद बदला. सातबारा असो की अ‍ॅटलस, ‘माळरान’ हा स्वतंत्र वर्ग हवा. जमीन तीच, क्षेत्र तेच, फक्त रकाना खरा. नोंद बदलली की प्रत्येक प्रकल्पाला आपोआप नकार मिळेल, असं नाही. पण निदान प्रश्न विचारला जाईल.

दोन, एक हिवाळा मोजा. गायरान किंवा माळ दुसऱ्या कामाला देण्याआधी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात तिथली पाहणी सक्तीची करा. यात फार खर्च नाही. संध्याकाळी मुक्कामाला येणारे पक्षी मोजायचे, पाच-सहा ट्रॅप कॅमेरे लावायचे, धनगरांना विचारायचं. जवळच्या महाविद्यालयाचा प्राणिशास्त्र विभागही हे काम करू शकतो. पाहणीत काही सापडलं नाही, तर प्रकल्प खुशाल व्हावा.

तीन, गवतातून गावाला दोन पैसे मिळू द्या. वन विभागाने इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. चिंकारा, खोकड, लांडगा बघायला लोक पैसे मोजून येतात. प्रत्येक गावात सफारी होणार नाही, व्हायलाही नको. पण माळ राखला तर गावाचं नुकसानच होतं, हा समज तिथे खोटा ठरतो आहे.

वाचकांनाही थोडं काम आहे. लांडग्याचा फोटो हवा म्हणून गाडी माळात घालू नका. जमिनीवरचे मुक्काम आणि बिळं चाकाखाली येतात. बिळाचं किंवा मुक्कामाचं नेमकं ठिकाण इन्स्टाग्रामवर टाकू नका. दिसलेल्या पक्ष्यांची नोंद मात्र ‘ईबर्ड’सारख्या अ‍ॅपवर जरूर करा. वृक्षारोपणाला जाणार असाल, तर आधी विचारा की जागा कोणती आहे. गावाची पांद, ओढ्याचा काठ, शाळेचं आवार असेल तर हातात कुदळ घ्या. माळ असेल तर नको म्हणा.

२६ जानेवारीला मी गावी जाणार आहे. मी तिथला मतदार नाही, त्यामुळे ग्रामसभेत मला बोलता येईल की नाही, माहीत नाही. मामा बोलणार आहेत. दिवसा वीज पाहिजेच, असं ते म्हणणार आहेत, आणि खाणीच्या जागेचा खर्च काढा, असंही. मी गेल्यापासून ते रोज संध्याकाळी बांधावर जातात आणि फोन करून आकडा सांगतात. काल २१ होते.